स्टेशनबाहेरचा बाजार वीस वर्षांनी कसा असेल, हे नेमकं कधी ठरतं?

मुंबईच्या कुठल्याही उपनगरात संध्याकाळी सात वाजता स्टेशनबाहेर पडा. पुलाच्या पायऱ्या संपतात तिथेच गजरेवाली बसलेली असते. तिच्या शेजारी चपला दुरुस्त करणारा, पुढे मोबाइलची काच बदलून देणारा, मग वडापावची गाडी. रिक्षांची रांग वळसा घेऊन मंडईच्या दारापर्यंत गेलेली. समोरच्या जुन्या दुमजली इमारतीत खाली साड्यांचं दुकान आणि मेडिकल, वर दहावीचे क्लासेस आणि दातांचा दवाखाना. मागच्या बाजूला अजून दोन-तीन भाडेकरू राहतात, त्यांचे कपडे गॅलरीत वाळत असतात.

हीच जागा महापालिकेच्या नकाशावर शोधली तर बहुतेक वेळा एक निळा तुकडा सापडतो. नगररचनेच्या नकाशांत साधारणपणे पिवळा रंग रहिवासी वापराचा, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक आणि हिरवा मोकळ्या जागांचा. निळ्या तुकड्यात गजरेवाली नाही, रिक्षांची रांग नाही, गॅलरीतले कपडे नाहीत. आणि या बाजारात पुढची वीस वर्षं काय उभं राहणार, काय जाणार, रस्ता किती रुंद होणार, मंडई राहणार की तिच्या जागी बारा मजले चढणार, हे सगळं तो तुकडा समोर ठेवून ठरतं.

ठरवतं कोण, कधी, आणि त्यात तुम्हाआम्हाला बोलायला जागा कुठे असते, ते या लेखात सांगतो. उदाहरण मुंबईचं घेतलं आहे, कारण २०१२ ते २०१८ या काळात शहराचा विकास आराखडा करण्याची ही प्रक्रिया मुंबईत इतक्या चुकांसकट आणि इतक्या लोकांच्या देखत घडली की शिकायला त्याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. कायदा मात्र सगळ्या महाराष्ट्राला एकच आहे. डोंबिवली, चिंचवड, नाशिकरोड, कुठेही राहत असाल तरी पायऱ्या त्याच.

आराखड्यात असतं काय

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार प्रत्येक महापालिकेने आपल्या हद्दीचा विकास आराखडा करायचा असतो आणि वीस वर्षांतून एकदा तरी तो नव्याने तपासायचा असतो. मुंबईचा पहिला आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला. दुसरा १९९१ ते १९९४ या काळात तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाला. सध्या लागू आहे तो तिसरा, २०३४ सालापर्यंतचा.

आराखडा म्हणजे नकाशा आणि नियमावली यांची जोडी. नकाशा सांगतो कुठे काय चालेल. नियमावली सांगते किती चालेल. लोक नकाशा बघतात आणि नियमावली सोडून देतात. बाजाराच्या बाबतीत ही मोठी चूक आहे, आणि ती का, ते पुढे येईलच.

नकाशावर दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची हमखास गल्लत होते. एक म्हणजे झोन. झोन फक्त परवानगी देतो: या भागात व्यापारी वापर चालेल, या भागात रहिवासी, या भागात कारखाने. जमीन मालकाचीच राहते. दुसरी गोष्ट म्हणजे आरक्षण. ‘हा प्लॉट मंडईसाठी’, ‘हा वाहनतळासाठी’, ‘हा प्रसूतिगृहासाठी’ असा शिक्का एखाद्या खासगी जमिनीवर पडला की ती जागा सार्वजनिक कामासाठी राखलेली. महापालिकेने ती ताब्यात घ्यायची, किंवा मालकाने मंडई स्वतः बांधून महापालिकेच्या हवाली करायची आणि उरलेल्या जागेवर आपलं बांधकाम करायचं. या दुसऱ्या पद्धतीला समावेशक आरक्षण म्हणतात. स्टेशनजवळच्या महागड्या जमिनींवर हा मार्ग पुष्कळदा वापरला जातो, कारण तिथे जमीन रोखीने विकत घेणं महापालिकेला झेपत नाही.

आरक्षण पडलं म्हणजे मंडई झाली असं मात्र अजिबात नाही. कायद्याच्या कलम १२७ मध्ये मालकाच्या बाजूने एक तरतूद आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षं गेली आणि जमीन घेतलीच नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरच्या मुदतीत, म्हणजे सध्याच्या तरतुदीप्रमाणे चोवीस महिन्यांत, संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्य आहे, जमीन अनंतकाळ अडकवून ठेवता येत नाही. पण ज्यांना ती मंडई मिळणार होती त्यांना हे कळवायला कुणी येत नाही. म्हणून तुमच्या बाजारातली आरक्षणं कोणती आणि कधीची, याची यादी कुणीतरी ठेवायला हवी. एखाद्या प्लॉटचा सीटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक, देऊन महापालिकेकडून ‘डीपी रिमार्क’ घेता येतो (डीपी म्हणजे विकास आराखडा), त्यात झोन, आरक्षण, प्रस्तावित रस्ता हे सगळं लिहिलेलं असतं.

एफएसआयचा हिशेब

आता नियमावली. तिच्यातला सगळ्यात वजनदार शब्द म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, बोलीभाषेत एफएसआय. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर एफएसआय १ असेल तर सगळे मजले मिळून हजार चौरस मीटर बांधता येतं. १९९१ च्या नियमांत मुंबईच्या उपनगरांसाठी मूळ आकडा १ होता आणि शहर भागासाठी १.३३.

२०१५ मध्ये जो नवा मसुदा आला, त्यात वाहतुकीच्या केंद्रांभोवती हा आकडा ८ पर्यंत नेण्याचा प्रस्ताव होता. स्टेशनजवळ जास्त बांधा म्हणजे लोक गाडी न काढता रेल्वेने येतील, असा त्यामागचा विचार. विचार म्हणून तो चुकीचा नाही, जगभर शहरं असं करतात. पण थोडा हिशेब करून बघू. त्याच हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर आता आठ हजार चौरस मीटर ऑफिसं झाली. माणशी दहा चौरस मीटर जागा धरली तर शंभर माणसांच्या जागी आठशे. स्टेशनबाहेर असे वीस प्लॉट असतील तर दोन हजारांच्या जागी सोळा हजार. ही सोळा हजार माणसं सकाळी साडेनऊच्या सुमारास त्याच पुलावरून, त्याच पायऱ्यांनी, त्याच गजरेवालीसमोरून उतरणार. पूल तेवढाच, मैलापाण्याची वाहिनी तेवढीच, पदपथ तर बहुतेक ठिकाणी नाहीच. नकाशावरचा रंग निळाच राहतो, तक्रार करावी असं त्यात काही दिसत नाही. सगळा बदल नियमावलीतल्या एका आकड्यात असतो. म्हणून नियमावली वाचा म्हणतो.

मुंबईत काय झालं

कुठलाही आराखडा करताना कायद्याप्रमाणे पहिलं मोठं काम असतं पाहणीचं. आज कोणत्या जमिनीवर काय आहे ते बघून विद्यमान भूवापराचा नकाशा करायचा. भविष्याचा नकाशा या वर्तमानाच्या नकाशावर काढला जातो. या टप्प्यावर लोकांच्या हरकती घेतल्याच पाहिजेत असं कायदा सांगत नाही. तरी मुंबईत २०१२ मध्ये हा नकाशा लोकांसमोर ठेवला गेला, आणि लोकांनी तो उघडून बघितला तेव्हा त्यात चुकाच चुका निघाल्या. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं यांच्या जागी भलतेच वापर दाखवलेले. कोळीवाडे आणि गावठाणं यांच्या सीमा नीट नोंदलेल्या नाहीत. शहरातल्या संस्था, गट आणि ‘हमारा शहर मुंबई’ या अभियानात एकत्र आलेले कार्यकर्ते वॉर्डावॉर्डांत बसून नकाशे तपासत होते, चुका लिहून देत होते.

त्यातल्या काही सुधारल्या, पुष्कळ राहिल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये पुढच्या वीस वर्षांच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि लोकांनी आपापली गल्ली शोधली. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा इमारती यादीतून गळलेल्या, आरे कॉलनीची हिरवी जमीन विकासासाठी खुली केलेली. साठ हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने सुधारायला सांगितलं. काम चार महिन्यांत व्हायचं होतं. निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्या देखरेखीखाली प्रत्यक्षात ते वर्षभर चाललं आणि सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला. मग पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या, २०१७ च्या जुलैअखेर महापालिका सभागृहाची मान्यता, मे २०१८ मध्ये राज्य सरकारची मंजुरी, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून अंमल. २०१४ ते २०३४ अशा वीस वर्षांच्या आराखड्याची पहिली चार वर्षं अशी मसुद्यातच गेली.

या सगळ्या गोंधळाचं खापर बहुतेक वेळा एफएसआयवर किंवा बिल्डरांवर फुटतं. मला मूळ २०१२ च्या नकाशात दिसतं. समोर काय आहे हेच नीट नोंदलं नसेल तर त्यावर काढलेली कुठलीही रेघ कुणाच्या तरी घरावरून जाणारच. बाजाराच्या बाबतीत तर हे फार खरं आहे, कारण बाजार हा मिश्र असतो. पाहणी करणाऱ्याने त्या दुमजली इमारतीसमोर उभं राहून ‘व्यापारी’ असं लिहिलं, तर वरचे भाडेकरू नोंदीतून गेले. ‘रहिवासी’ लिहिलं, तर खालची दुकानं गेली. मागच्या गल्लीत मिक्सर, पंखे, शिलाई मशीन दुरुस्त करणारे गाळे असतात, त्यांना कुठल्या रंगात बसवायचं हेच कुणाला सुचत नाही. जे नोंदलं जात नाही त्याच्यासाठी पुनर्वसन नाही, त्याच्यासाठी जागा राखणं नाही. कागदोपत्री ते तिथे नव्हतंच.

फेरीवाल्यांचं तर आणखी अवघड. त्यांच्यासाठी २०१४ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. नगर पथविक्रेता समिती नेमायची, तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य खुद्द विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायचे, आणि विक्रीच्या जागांची योजना करायची, असं तो सांगतो. पण ती योजना एका टेबलावर होते आणि विकास आराखडा दुसऱ्या. स्टेशनबाहेरचा रस्ता रुंद करताना गजरेवालीची जागा कुठली, हा प्रश्न दोन्ही टेबलांच्या मधल्या फटीत पडतो. आराखड्यावर हरकत घेतानाच विक्रीच्या जागांची मागणी नकाशावर खूण करून द्यावी, असं मी म्हणतो ते यासाठी.

बोलायची दारं

दारं चार-पाच आहेत आणि प्रत्येक थोडेच दिवस उघडं असतं.

पहिलं, महापालिका आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते तेव्हा. त्या वेळी कुणाचंच लक्ष नसतं. खरं तर हद्द कुठवर, कुठल्या प्रश्नांचा अभ्यास व्हावा, हे मांडायची हीच वेळ. त्यानंतर भूवापर पाहणी. ते दार कायद्याने नाही, पण वॉर्ड ऑफिसात जाऊन, लेखी मागणी करून ते उघडून घेता येतं.

तिसरं दार सगळ्यांना माहीत असलेलं: मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत जाहीर झाल्यावर सूचना-हरकतींचं. मुदत कुठे तीस दिवस असते, मोठ्या महापालिकांत साठ, पण तुमच्या नोटिशीवर छापलेली तारीख हीच खरी मानायची. हरकती नियोजन समितीसमोर जातात. या समितीत स्थायी समितीतले तीन सदस्य असतात आणि नगररचना, पर्यावरण अशा विषयांची जाण असलेले बाहेरचे काही जण नेमलेले असतात. ज्याने लेखी हरकत दिली त्यालाच सुनावणीला बोलावतात. लेखी न देता नुसतं सभेत भाषण केलं तर कायद्याच्या लेखी तुम्ही काही बोललाच नाहीत. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: समितीने तुमचं ऐकून घेतलं पाहिजे एवढं कायदा म्हणतो. मान्य केलं पाहिजे असं म्हणत नाही.

मग आराखडा मंजुरीसाठी राज्य सरकारकडे जातो. सरकार त्यात फेरबदल करू शकतं. फेरबदल मोठा असेल तर तेवढा भाग मंजुरीतून वगळून पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध करावा लागतो. याला ‘वगळलेला भाग’ म्हणतात, अधिकाऱ्यांच्या बोलण्यात ‘ईपी’. या टप्प्यापर्यंत लोक दमलेले असतात. महापालिकेत जिंकलो, आता झालं, असं वाटतं. पण महापालिकेने मान्य केलेली गोष्ट मंत्रालयात बदलू शकते आणि नाकारलेली गोष्ट तिथे परत येऊ शकते.

आणि शेवटचं दार, जे खरं तर कधी बंदच होत नाही, ते कलम ३७ चं. आराखडा मंजूर झाल्यावरही त्यात ‘किरकोळ फेरबदल’ करता येतो. त्यासाठी नोटीस निघते आणि महिन्याभरात हरकती मागवल्या जातात. मंडईचं आरक्षण हटवणं किंवा औद्योगिक पट्ट्यातला एखादा प्लॉट व्यापारी करणं, असे बदल या वाटेने येतात. नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, सर्व्हे नंबर आणि गावाच्या नावासकट छापलेली असते. तिच्यात ‘स्टेशनजवळची मंडई’ असं कुठेच लिहिलेलं नसतं, नुसता नंबर असतो. आपल्या बाजारातल्या प्लॉटचे नंबर ठाऊक असलेलं एक माणूस जरी परिसरात असलं तरी ही नोटीस वेळेवर सापडते.

दार दुसऱ्याच इमारतीत असतं तेव्हा

बृहन्मुंबईचं क्षेत्र सुमारे ४५८ चौरस किलोमीटर. त्यातले जवळपास ४३ चौरस किलोमीटर महापालिकेच्या नियोजनाखाली येतच नाहीत. तिथे विशेष नियोजन प्राधिकरणं आहेत: कुठे एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, कुठे एमआयडीसी. नोटीस त्या कार्यालयातून निघते, सुनावणी तिथे होते, नगरसेवकाचा तिथे फारसा संबंध नसतो.

यातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल. दक्षिण मुंबईत एकवटलेली ऑफिसं उत्तरेला आणायची म्हणून मिठी नदीकाठच्या सुमारे ३७० हेक्टर सखल, दलदलीच्या जमिनीसाठी एमएमआरडीएला १९७७ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. ऑफिसं आणण्याचं उद्दिष्ट पुरं झालं, राष्ट्रीय शेअर बाजार तिथे गेला, हिरे बाजार गेला, बँकांची मुख्यालयं गेली. पण तिथे रोज कामाला जाणाऱ्याला विचारा. वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनला उतरायचं, शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, संध्याकाळी तीच रांग उलटी. संकुलात मेट्रोचं स्टेशन सुरू झालं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, प्राधिकरण नेमल्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी. ज्या बाजारात आधीपासून कुणी राहतच नव्हतं, तिथे ‘इथे यायचं कसं, जेवायचं कुठे, रात्री नऊनंतर रस्त्यावर कोण असेल’ हे प्रश्न विचारायलाही कुणी नव्हतं.

याच्या उलट वाटेने गेलेलं एक ठिकाण आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ फेअरफॅक्स काउंटीत टायसन्स नावाचा भाग, त्या पट्ट्यात आज मराठी कुटुंबंही बरीच राहतात. १९६८ मध्ये तिथे मोठा मॉल उघडला, भोवती ऑफिसं आली, आणि चार दशकांत अशी स्थिती झाली की नोकऱ्या लाखाच्या वर आणि राहणारी माणसं जेमतेम सतरा हजार. सगळे गाडीने येणार, गाडीने जाणार. मेट्रो येणार हे ठरल्यावर काउंटीने २००५ मध्ये रहिवासी, जमीनमालक, व्यावसायिक अशा छत्तीस जणांची समिती बसवली. नकाशा काढायच्या आधी पाच वर्षं सभा, हिशेब, वाद झाले. २०१० मध्ये आराखडा मंजूर झाला: २०५० पर्यंत एक लाख रहिवासी, दोन लाख नोकऱ्या, आणि तीन चतुर्थांश वाढ स्टेशनांपासून अर्ध्या मैलाच्या आत. जास्त बांधकाम हवं असेल तर परवडणाऱ्या घरांचा वाटा द्यायचा, नवे छोटे रस्ते काढून द्यायचे, अशा अटी. गाड्या धावू लागल्या त्या २०१४ मध्ये. आपली गर्दी आणि त्यांची गर्दी सारखी नाही, त्यांची उत्तरं उचलून आणण्यात अर्थ नाही. क्रम तेवढा बघण्यासारखा आहे: आधी माणसं बसली, मग आकडे ठरले, मग रेल्वे आली.

लोकांच्या बोलण्याने काही बदलतं का

बदलतं, आणि याचा पुरावा मुंबईच्याच आराखड्यात आहे. महिलांच्या गटांनी चिकाटीने पाठपुरावा केला, म्हणून २०३४ च्या आराखड्यात पूर्वी कधी नसलेल्या सुविधा आल्या: नोकरदार महिलांसाठी बहुउद्देशीय निवास, कौशल्य विकासाची सोय असलेलं आधार केंद्र (आधार कार्डाचं नव्हे), बेघरांसाठी निवारा. या बायकांनी ‘महिलांकडे लक्ष द्या’ एवढंच म्हटलं असतं तर ते एखाद्या प्रस्तावनेत एका वाक्यात विरून गेलं असतं. त्यांनी मागितली ती नकाशावर दाखवता येईल अशी, क्षेत्रफळ असलेली जागा.

अशा एका सुनावणीला मीही बसलो आहे, एका महापालिकेच्या जुन्या सभागृहाबाहेर, हातात टोकन घेऊन. माझ्या आधीचे गृहस्थ स्टेशनबाहेरच्या पार्किंगवर तळमळीने बोलले. सगळं खरं होतं, आणि समोर कुणी काही लिहून घेतलं नाही. माझंही तसंच झालं, मी तत्त्वावर बोललो. नंतर आलेला माणूस बाजारामागच्या दुरुस्तीच्या गल्लीतला होता. त्याने बोलायच्या आधी टेबलावर एक कागद पसरला. हाताने काढलेला नकाशा, बावीस गाळे, प्रत्येकापुढे काय दुरुस्त होतं, किती वर्षांपासून, आणि सोबत प्रत्येकाच्या वीजबिलाची झेरॉक्स. आराखड्यात त्या गल्लीचं रुंदीकरण दोन्ही बाजूंनी दाखवलं होतं. समोरच्या बाजूला एका बंद गोदामाची भिंत आहे, रस्ता त्या बाजूने घ्या, एवढंच त्याचं म्हणणं. समितीतले चौघेही कागदावर वाकले. पुढे रुंदीकरण टळलं नाही, पण ते एका बाजूने झालं. गाळे आजही तिथे आहेत.

तेव्हापासून मी हरकत लिहिताना त्या कागदाची आठवण ठेवतो. सुरुवातीलाच सीटीएस किंवा सर्व्हे नंबर, नकाशाच्या शीटचा क्रमांक, आणि आराखड्यात तिथे काय दाखवलं आहे ते. मग प्रत्यक्षात काय आहे, फोटो आणि तारखेसकट. मग त्याऐवजी काय हवं, आणि ते कुठे बसेल. एका अर्जात एकच मुद्दा. पाच मुद्दे असतील तर पाच अर्ज, कारण एकत्र लिहिलेल्यातला सोपा मुद्दा निकालात काढून अवघड मुद्दा बाजूला राहतो. ‘विकासाला आमचा विरोध नाही, पण’ अशी प्रस्तावना लिहू नये, ती कुणी वाचत नाही आणि जागा खाते. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

२०३४ पर्यंतच्या आराखड्याचा भूवापर नकाशा २०१२ मध्ये लोकांसमोर आला होता, म्हणजे आराखड्याचा काळ सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी. त्या हिशेबाने पुढच्या आराखड्यासाठीची पाहणी २०३२ च्या सुमारास व्हायला हवी. तुमच्या स्टेशनबाहेरची नोंद मात्र त्याआधी करता येते. रविवारी सकाळी, दुकानं अर्धी उघडलेली असताना, आराखड्याच्या त्या शीटची प्रिंट घेऊन एक फेरी मारा. तळमजला वेगळा लिहा, वरचे मजले वेगळे. मागच्या गल्लीत जा. संध्याकाळी सात वाजता पुन्हा एक फेरी मारा, कारण गजरेवाली सकाळी तिथे नसते.